सासरेबुवांच्या घड्याळाची चावी

आमच्या सासरेबुवांना कामावर सगळे ‘कुलूप’ म्हणत. पाणीपुरवठ्याच्या पंपघरात त्यांनी उभी हयात काढली, आणि त्यांनी बंद केलेल्या व्हॉल्व्हमधून पुढे थेंबही जायचा नाही अशी त्यांची ख्याती होती. माणूसही तसाच, पोटातली गोष्ट ओठांवर न येऊ देणारा. लग्नाआधी मी त्यांना पहिल्यांदा भेटायला गेलो तेव्हा ते माझ्याशी एकूण दोन वाक्यं बोलले. पहिलं, ‘बसा.’ दुसरं, मी हात धुऊन आल्यावर, ‘नळ फार आवळता तुम्ही.’ मी ते कौतुक समजलो होतो.

लग्न झाल्यावर मात्र त्यांचं तोंड थोडं उघडलं, तेही फक्त रविवारी दुपारी आणि फक्त व्हॉल्व्हबद्दल. छातीएवढ्या उंचीचं लोखंडी चाक, ते किती फेरे फिरलं की पाणी किती कमी होतं, बंद झाल्यावर सळईचं एक टोक पाइपाला आणि दुसरं कानाला लावून आत पाणी सरकतंय का ते कसं ऐकायचं, हे सगळं मला पाठ झालं. आणि शेवटी नेहमी तो नियम. चाक पूर्ण आवळून झालं की पाव फेरा मागे घ्यायचा. तसंच आवळून सोडलं तर ते जाम होतं आणि ऐन वेळी तीन माणसं लटकली तरी उघडत नाही. पाणी अडवणारा आतला पडदा एकदा बसला की पाव फेऱ्याने हलत नाही, नुसता चाकाच्या दांड्यावरचा ताण जातो. त्यांच्या उस्तादाने हे त्यांना बोटांवर पाना मारून मारून शिकवलं होतं. ‘डोक्याला नको, हाताला शिकव,’ असं तो उस्ताद म्हणायचा म्हणे. हे सगळं मी इतक्यांदा ऐकलं होतं की पुढे पुढे मी नुसती मान हलवायचो.

मी विम्याच्या कचेरीत काम करतो. लोकांच्या घरात काय काय बिघडू शकतं याचा विचार करणं हाच माझा धंदा, त्यामुळे कुणाच्याही घरी गेलो की माझी नजर आधी वायरींवर आणि छताच्या कोपऱ्यांवर जाते. सासरेबुवांचं घर मात्र माझ्या लेखी बिनघोर होतं. पंपघराच्या कुंपणाला लागून तळमजल्यावरच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, मागे छोटंसं अंगण. पंपांची घरघर रात्रंदिवस भिंतीतून यायची. आम्हाला तिथे झोप लागायची नाही आणि सासरेबुवांना त्या आवाजाशिवाय लागायची नाही. कुठला पंप चालू आहे हे ते पडल्या पडल्या सांगायचे. सासूबाई होत्या तोवर त्या घरात काही गळलं, सांडलं, फुटलं असं कधी कानावर आलं नाही.

गेल्या हिवाळ्यात सासूबाई गेल्या. तापाचं निमित्त झालं आणि आठवड्याच्या आत सगळं संपलं. सासरेबुवा रडले नाहीत. दिवसभर मागच्या अंगणात खुर्ची टाकून बसून राहिले आणि संध्याकाळी उठून स्वतःचा चहा स्वतः केला. बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच.

त्यानंतर त्या घराला काय झालं कोण जाणे. आधी स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला. वॉशर बदलला, नळ बदलला, तरी टिपटिप चालूच. मग साखरेची बरणी. माझ्या बायकोने ती झाकणाला धरून फडताळातून उचलली, तर झाकण हातात आणि बरणी फरशीवर. मग गरम पाण्याची पिशवी अंथरुणातच रिकामी झाली. सकाळी सासरेबुवा गादी वाळत घालताना शेजाऱ्यांना दिसले आणि शेजाऱ्यांनी त्याचा जो अर्थ काढायचा तो काढला. बायको या सगळ्याची मनातल्या मनात बेरीज करत होती.

आणि मग शेगडी. एका रविवारी आम्ही गेलो तेव्हा सासरेबुवा अंगणात वर्तमानपत्र वाचत बसले होते आणि स्वयंपाकघरात गॅसचा वास भरला होता. शेगडीचं बटण बंदच्या खुणेपासून केसभर अलीकडे होतं. बायकोने खिडक्या उघडल्या, टाकी बंद केली आणि ओट्याला धरून उभी राहिली. परत येताना बसमध्ये ती म्हणाली, “मला भीती वाटते. आई गेली तेव्हा निदान मी जवळ होते.” पुढच्या थांब्यावर तिने सांगून टाकलं की बाबा आता आपल्याकडे राहतील.

आमचं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला, चौथ्या मजल्यावर. तिथे पंप नाहीत, अंगण नाही, ओळखीचं माणूस नाही. सासरेबुवांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “डोकं शाबूत आहे, हात शाबूत आहेत. मी कुठंही येत नाही.”

“मग गॅस कसा राहिला?”

“चुकून राहिला असेल.”

“आई असताना कधी राहिला नाही.”

“आई असताना मी शेगडीला हात लावला नव्हता.”

हे खरंच होतं, पण त्याने काही सिद्ध होत नव्हतं. बाप-लेक दोघंही एकाच मुशीतले. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही. पुढचे दोन-तीन रविवार त्या घरात जेवताना फक्त भांड्यांचे आवाज येत होते आणि मी मधल्यामध्ये मूग गिळून बसलो होतो.

त्यांचा सत्तरावा वाढदिवस आला. त्यांचं जुनं घड्याळ नुकतंच कायमचं थांबलं होतं. रोज सकाळी चावी द्यायचं घड्याळ होतं ते. भांडणात पडण्यापेक्षा भेटवस्तू द्यावी असा विचार करून मी नवं घेतलं. ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीवर आपलं आपण चालणारं. शिवाय खोल पाण्यात नेलं तरी आत थेंब जाणार नाही असं. या माणसाचा हात सदा पाण्यात असतो, तेव्हा मी फार विचार करून निवड केली होती आणि त्याबद्दल स्वतःवर खूशही होतो.

जेवण झाल्यावर मी सोबतची पुस्तिका वाचून दाखवली. घड्याळाच्या बाजूचं ते बारीक गोल बोंड, म्हणजे चावी, साध्या घड्याळात ओढायची, फिरवायची, दाबायची की संपलं. यातली आट्यांवर बसते, बाटलीच्या झाकणासारखी. वेळ लावायची तर आधी ती सोडवायची आणि काम झालं की परत पूर्ण आवळायची. नाही आवळली तर पाणी आत जाणार.

“बाबा, जमेल ना हे?” बायकोने विचारलं. तिच्या मनात काही नसावं, पण प्रश्न पडला तो नेमका दुखऱ्या जागी.

सासरेबुवांनी घड्याळ मनगटावर चढवलं. “अख्ख्या शहराचं पाणी बंद केलंय या हाताने,” ते म्हणाले. “एवढंसं बोंड बंद करता आलं नाही, तर मी स्वतः पेटी भरीन आणि तुझ्याकडे येईन. मग नळाचं नको, गॅसचं नको, काही बोलायला नको.”

“ठरलं?”

“ठरलं.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी मनात म्हटलं, छान घड्याळ घेतलं आपण.

खरं तर त्या घड्याळाची चावी रोज सोडवायचं काही कारण नव्हतं. पण सकाळी उठून घड्याळाला चावी द्यायची ही त्यांची सवय, आणि आपलं आपण चालतं यावर त्यांचा विश्वास नव्हता. “न भरता चालतं म्हणजे कशावर चालतं?” असं म्हणून ते रोज चावी सोडवायचे, थोडी फिरवायचे आणि मग ती परत बसवायला घ्यायचे. ती बसेना. आत स्प्रिंग. बोटाने दाबून फिरवावी तर आटा पकडायच्या आधीच ती टुणकन बाहेर यायची. त्यांची बोटं लोखंडी चाकावर घडलेली, एकेक अंगठा चमच्याएवढा. त्या अंगठ्याखाली चावी दिसेनाशी व्हायची. मी फोन केला की “उत्तम चाललंय” असं म्हणायचे, आणि प्रत्यक्षात तास तास खिडकीपाशी बसून त्या बोंडाशी झटत असायचे. हे मला त्यांच्या शेजाऱ्याने सांगितलं.

शेवटी बायको नसताना त्यांनी मला बोलावून घेतलं आणि घड्याळ माझ्यापुढे ठेवलं. मी चष्मा पुसला, पुस्तिका उघडली, आणि अर्ध्या तासाने हात टेकले. पुस्तिका तीन भाषांत होती आणि तिन्हींत माझा निभाव लागला नाही. सासरेबुवांना त्याने जरा बरं वाटलेलं दिसलं.

मग आम्ही दोघं दुकानात गेलो. मागच्या बाजूला डोळ्याला भिंग लावून एक बाई घड्याळं दुरुस्त करत बसल्या होत्या. त्यांनी चावी दाबून धरली आणि आधी उलटी फिरवली. “आटा सुरू होतो तिथे बारीकसा टिक लागतो बोटाला. तो लागला की मग सुलटी. जोर लावायचाच नाही.”

सासरेबुवांचा चेहरा उजळला. “आधी उलटं घेऊन तोंड जुळवायचं,” ते म्हणाले. “आम्ही मोठे नट असेच बसवायचो. हे आधी सांगायला काय झालं होतं?” हे शेवटचं माझ्याकडे बघून. त्यांनी चावी सोडवली, दाबली, डोळे मिटून उलटी फिरवली, टिक लागताच सुलटी केली आणि शेवटपर्यंत आवळली. बाई म्हणाल्या, “जमलं,” आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळल्या. परत येताना सासरेबुवांनी मला कॉफी पाजली. माझाही जीव भांड्यात पडला.

पण महिना व्हायच्या आत घड्याळाच्या काचेला आतून वाफ धरली. आधी कडेला, मग थेट आकड्यांपर्यंत. सासरेबुवांनी ते कुणाला कळू दिलं नाही. ऐन उन्हाळ्यात लांब बाह्यांचा सदरा घालून, मनगटापर्यंत गुंड्या लावून बसू लागले. एका रविवारी बायकोने सहज विचारलं, “बाबा, किती वाजले?” तेव्हा त्यांनी मान वळवून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. बायको उठली आणि तिने त्यांची बाही वर केली.

“चावी उघडी राहिली होती,” ती म्हणाली.

“मी रोज आवळतो.”

“मग पाणी कुठून आलं?”

“घड्याळ सदोष असेल.”

या वेळी मी एकटाच दुकानात गेलो. बाईंनी घड्याळ उघडून सुकवलं, बंद केलं आणि पाण्याच्या एका जाड भांड्यात दाबाखाली ठेवून तपासलं. एक बुडबुडा आला नाही. “घड्याळात काही दोष नाही,” त्या म्हणाल्या. “चावी पूर्ण बसत नाहीये. जरा सैल राहिली की दिवसभरात हात हलून हलून आणखी सुटत जाते.” मी ते तसंच्या तसं घरी सांगितलं, कारण बायकोला खोटं सांगून मला कधी फायदा झालेला नाही.

सासरेबुवा त्या दिवसापासून दिवसातून कितीतरी वेळा चावी आवळून बघू लागले. मी स्वतः पाहिलं. दात आवळून, मनगटाची शीर तट्ट फुगवून आवळायचे. तरी महिनाभरात काच पुन्हा धुरकटली. या खेपेला त्यांनी बाही खाली केली नाही. आम्ही गेल्यावर घड्याळ हातातून काढलं आणि टेबलावर लेकीसमोर ठेवलं.

“पेटी माळ्यावर आहे,” ते मला म्हणाले. “तेवढी काढून द्या.”

बायको म्हणाली, “बाबा, आजच कशाला.” तिला हवं होतं तेच मिळालं होतं आणि तिचा चेहरा पडला होता.

“शब्द दिलाय. आज काय आणि उद्या काय.”

मी पेटी काढून दिली. मधल्या काळात घड्याळ दुकानात दुरुस्तही होऊन आलं, पण आवरायला वेळ लागत होता. कपडे एका सकाळी झाले. सासरेबुवांना आमच्याकडे न्यायचं होतं ते फार थोडं होतं. ती कान लावायची सळई त्यांनी कपड्यांच्या घडीत ठेवली. चौथ्या मजल्यावर ती कशाला लावणार हे मी विचारलं नाही. राहिलं स्वयंपाकघर. पुढच्या रविवारी बाप-लेक दोघं ओट्यापाशी उभी राहिली. मोठ्या डब्यांतलं सामान सासरेबुवा लहान बरण्यांत भरायचे, झाकण लावायचे आणि बरणी बायकोकडे सरकवायचे. ती उचलून खोक्यात ठेवायची. मी खोक्यांना चिकटपट्टी लावत होतो.

पहिलीच बरणी बायकोने झाकणाला धरून उचलली आणि ती निसटली. तिने गुडघ्याने अडवली म्हणून वाचली. दाराशेजारच्या खिळ्यावर सासूबाईंचं निळ्या काठाचं फडकं अजून लटकत होतं. तिने ते घेतलं, झाकणावर धरलं आणि झाकण आवळलं. दुसरी बरणी आली, तीही सैल. तिसरीही. तिने तीही फडक्याने आवळली आणि मग तिचा हात तसाच थांबला.

“बाबा, ही परत बंद करा बरं.”

सासरेबुवांनी झाकण काढून परत लावलं. चांगलं करकचून आवळलं, बरणीच्या काचेने आवाज केला इतकं. आणि मग त्यांचा हात अगदी हलकेच मागे आला. बोटभरही नाही. झाकण सोडलं आणि बरणी पुढे सरकवली.

“आता मागे का फिरवलं?”

“कुठे फिरवलं?”

“परत करा.”

त्यांनी परत केलं. हात परत मागे आला. मी चिकटपट्टी खाली ठेवली. बायको म्हणाली, “हाताकडे बघून करा.” त्यांनी हाताकडे बघत झाकण आवळलं. हात थांबला, आणि मग त्यांच्या डोळ्यांदेखत मागे आला. ते त्या हाताकडे असे बघत राहिले, जणू तो शेजाऱ्याचा असावा.

“पाव फेरा,” मी म्हणालो. इतक्या रविवारी ऐकलेलं ते पहिल्यांदाच माझ्या काही कामाला आलं.

मग आम्ही सगळंच करून पाहिलं. नळ बंद करायला लावला. आवळला, आणि मागे आला दोन केस. टिपटिप सुरू. शेगडीचं बटण, तेच. शेवटी घड्याळ. त्यांनी चावी उलटी घेतली, टिक लागला, सुलटी केली, पूर्ण आवळली, आणि त्या चमच्याएवढ्या अंगठ्याखाली ते बोंड जरासं मागे आलेलं आम्ही तिघांनी पाहिलं. मोठ्या चाकाला पाव फेरा, लहान वस्तूला लहान, हाताने आपलं मापसुद्धा बसवून घेतलं होतं. उस्तादाने पाना मारून शिकवलेलं ते, डोक्याला विचारून होतच नव्हतं.

“म्हणजे म्हातारपण नाही,” बायको म्हणाली. तिला हायसं वाटलेलं दिसलं. “तुम्ही पहिल्यापासून असंच करत होता.”

“पहिल्यापासून,” सासरेबुवा म्हणाले. ते खुर्चीवर बसले. “मग हे घर गळत का नव्हतं?”

बायकोच्या हातात फडकं होतं. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि ती एकदम रडायलाच लागली. मला आधी काही कळेना.

“आई रोज जेवणं झाली की हे फडकं घेऊन फिरायची,” ती म्हणाली. “बरण्या, बाटल्या, नळ, न्हाणीघर, सगळीकडे. मला वाटायचं पुसतेय. मी तिला हसायचे, म्हणायचे, आई, काल तर पुसलंस. ती म्हणायची, असू दे, हात लागलेला बरा.”

सासरेबुवांची पहाटेची पाळी असायची. जेवले की ते पाठ टेकायचे, आणि स्वयंपाकघरातून येणारे ते बारीक आवाज त्यांनी रोज ऐकले असणार, पंपांच्या घरघरीत मिसळलेले. माणूस दिसायला दगड. पण त्या दिवशी त्यांची हनुवटी हलत होती हे मी पाहिलं.

“मला कधी बोलली नाही,” ते म्हणाले. “एकदासुद्धा. बाहेर लोक मला कुलूप म्हणायचे आणि मी घरी येऊन ते तिला सांगायचो.”

“मग ती काय म्हणायची?” मी विचारलं.

“हसायची.”

आता प्रश्न असा उभा राहिला की पैज जिंकलं कोण. बायकोने पेटीची कुलपं उघडली आणि म्हणाली, “बाबा, तुम्हाला काही झालेलं नाही. राहा इथेच.” यावर त्यांनी खूश व्हायला हवं होतं. पण ते म्हणाले, “शब्द बोंड बंद करण्याचा होता. ते अजून बंद झालेलं नाही.” असल्या माणसाशी संसार करून सासूबाई हसत कशा राहिल्या हे मला त्या दिवशी थोडंफार उमगलं.

त्यांनी प्रयत्न केला. हात घट्ट धरून, श्वास रोखून, अगदी दुसऱ्या हाताने मनगट पकडून. आवळलं की हात मागे येणारच. “जित्याची खोड,” ते पुटपुटले. डाव्या हाताने करून पाहिलं तर आटाच जुळेना. मग त्यांनी बायकोपुढे हात केला आणि तिच्याकडून ते फडकं मागून घेतलं. फडक्याचं एक टोक चावीवर धरलं आणि त्यातून ती आवळली. हात थांबला. आम्ही वाट पाहिली. तो मागे आला नाही.

त्यांनी बरणी घेतली आणि फडक्यातून झाकण आवळलं. हात तिथेच थांबला.

“शेवट लागला हे बोटाला कळलं की हात मागे येतो,” ते हळूहळू म्हणाले, जणू दुसऱ्याच कुणाच्या हाताबद्दल सांगताहेत. “फडक्यातून शेवट कळत नाही.” मग त्यांनी ते फडकं उलटंसुलटं करून पाहिलं. मधोमध ते इतकं झिजलं होतं की पलीकडचा उजेड दिसत होता.

पेटी त्यांनी स्वतःच रिकामी केली. सळई जागेवर गेली, बरण्या फडताळात गेल्या. मी स्वयंपाकघरात गॅसचा वास ओळखणारा एक भोंगा बसवून दिला, कारण आमच्या धंद्यातला माणूस माया करतो ती अशीच. बायकोने नवी फडकी आणून दिली. ती त्यांनी ठेवून घेतली, पण वापरत नाहीत.

घड्याळाची काच त्यानंतर स्वच्छ आहे. ते अजूनही रोज सकाळी त्याला चावी देतात, गरज नसताना. मी ते बोलायचं सोडून दिलंय. आमच्या घरीही काही गळत नाही, सांडत नाही, आणि हल्ली मला त्याची जरा शंका यायला लागली आहे. मी काय अर्धवट सोडतो आणि माझ्यामागून कोण काय आवळत फिरतं, ते बायकोला विचारायचा धीर मला अजून झालेला नाही.

ती रोज जेवणं झाल्यावर त्यांना फोन करते. आधी आवाजात धाक असायचा, आता नुसती चौकशी असते. परवा फोन मोठ्या आवाजावर होता म्हणून मीही ऐकलं. मागे पंपांची घरघर चालू होती.

“बाबा, बंद केलंत सगळं?”

“माझं करून झालं,” सासरेबुवा म्हणाले. “आता तिचा फेरा चाललाय. ठेव फोन, हातात फडकं आहे.”